आधी पॉड्स, मग मँडरिन : खाऱ्या पाण्यातल्या नाजूक माशांविषयी वाचकांचे प्रश्न

क्लाऊन आणि डॅमसेलसारखे सोपे मासे वर्षभर नीट सांभाळले की नजर दुकानातल्या अवघड माशांकडे वळते. या वेळची बहुतेक पत्रं अशाच वाचकांची आहेत. पत्रांत पाण्याच्या टेस्टचे आकडे अगदी काटेकोर लिहिलेले आहेत, पण मासा दिवसातून किती वेळा खातो आणि नेमकं काय खातो हे फार थोड्यांनी लिहिलंय. आमच्या मते नाजूक मासा हातचा जातो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे नाही, उपासमारीने आणि प्रवासाच्या धक्क्याने जातो. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझा २०० लिटरचा टँक चार महिन्यांचा आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. मँडरिन मासा आणून तीन आठवडे झाले. दिवसभर दगडावर टोचत फिरतो, पण फ्रोजन मायसिसकडे (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) बघतही नाही. पोट आत गेल्यासारखं वाटतंय. काय करू? (कोथरूड)

तुमचं पाणी ठीक आहे. मासा उपाशी आहे.

मँडरिन दगडावर टोचतो ते कोपेपॉड, म्हणजे दगडाच्या फटीत, काचेवर, शेवाळात सरपटणारे एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे जीव. सोयीसाठी पॉड्स म्हणू. समुद्रात त्याचा जागेपणीचा सगळा वेळ यातच जातो. छातीच्या परांवर तरंगत दोन इंच पुढे सरकायचं, डोळे फिरवून दगड न्याहाळायचा, तोंड नळीसारखं पुढे काढून एक जीव उचलायचा, पुन्हा दोन इंच पुढे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य टाकून या माशाचं भागत नाही. चार महिन्यांच्या टँकमधले पॉड्स तो दोन-तीन आठवड्यांत फस्त करतो आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतंय. टोचतोय म्हणजे खातोय असं समजू नका. दगड रिकामा असला तरी तो टोचतच राहतो.

आज रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घ्या आणि पुढच्या काचेचा खालचा वीतभर भाग पाहा. पांढरे ठिपके थांबत-थांबत सरकताना, मधेच झटक्याने उडताना जागोजाग दिसले तर पॉड्स आहेत. पाच मिनिटांत चार-दोनच सापडले तर कोठार रिकामं आहे. मासा बाजूने पाहा तसा वरूनही पाहा. बाजूने पोटाची रेघ किंचित फुगीर हवी. वरून पाहताना डोक्यामागे अंग एकदम बारीक होऊन कणा उठून दिसत असेल तर तो स्वतःचं मांस जाळून जगतोय आणि तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत.

काचेला आतून अडकवायचा ब्रीडर बॉक्स घ्या, त्यात मुठीएवढा दगड ठेवा आणि मासा त्यात सोडा. पकडताना जाळी वापरू नका, मगात पाण्यासकट घ्या. मँडरिनच्या गालावर काटा असतो, तो जाळीत अडकतो. शिवाय त्याला खवले नसतात, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण, आणि जाळीने तो खरवडला जातो.

बॉक्समध्ये दिवसातून चार वेळा ताजी उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची बारीक पिल्लं, द्या. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम मरीन सॉल्ट, एक ग्रॅम अंडी, तळापासून जोरात हवा आणि वर दिवा. २६ ते २८ अंशांना २४ तासांत पिल्लं निघतात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत खोली थंड असते तेव्हा ३६ तासही लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं तळाशी जमतात. पिल्लं तेवढी नळीने ओढा, टरफलं येऊ देऊ नका, ती आतड्यात अडकतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन लगेच खाऊ घाला. पिल्लांच्या अंगातला बलक दहा-बारा तासांत संपतो, त्यानंतर त्यांच्यात कस उरत नाही.

चार-पाच दिवस आर्टेमिया खाल्ली की तिच्यात अगदी बारीक चिरलेली मायसिस आणि माशांची बारीक गाबोळी मिसळायला लागा. काही मँडरिन असं मेलेलं खाद्य शिकतात, काही जन्मभर शिकत नाहीत. म्हणून पॉड्सची पैदास घरात हवीच, तीही दोन बादल्यांत, कारण एक बादली कधी ना कधी बसते. प्रत्येकीत दहा लिटर खारं पाणी, टिस्बे जातीच्या पॉड्सचं विरजण, आणि एअर स्टोन न लावता नुसत्या नळीतून सेकंदाला एक-दोन बुडबुडे. खायला नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी. बादलीतलं पाणी फिकट हिरवं दिसेल इतकंच घाला आणि ते निवळलं की पुन्हा घाला, साधारण दोन-तीन दिवसांनी. गडद हिरवं केलंत तर न खाल्लेलं शेवाळ कुजतं आणि बादली एका रात्रीत मरते. तीन आठवड्यांनी दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी ५० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. आर्टेमियाची नेहमीची जाळी इथे चालत नाही, पॉड्सची पिल्लं तिच्यातून निसटतात.

काढलेले पॉड्स रात्री, दिवे आणि पंप बंद करून, दगडांच्या मुळाशी सोडा. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, ३०-४० लिटरचा कप्पा रिकामा करता आला तर त्यात कीटोमॉर्फा शेवाळ भरा आणि त्याचा दिवा रात्री लावा. तिथे माशाचं तोंड पोचत नाही, म्हणून पॉड्स वाढत राहतात आणि पंपातून वर येत राहतात. टँकमध्ये सिक्सलाइन रास किंवा स्कूटर ड्रॅगोनेट मासा असेल तर ते याच ताटात जेवतात. दोघांना पुरेल इतकं २०० लिटरमध्ये तयार होत नाही.

एवढं जमणार नसेल तर मोठा, जुना टँक असलेल्या कुणाकडे मासा देऊन टाका. त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वेळी आधी आठ-दहा महिने टँक मुरू द्या, आणि हॅचरीत जन्मलेला मँडरिन मिळत असेल तर जास्त पैसे देऊन तोच घ्या. तो फ्रोजन खाद्य ओळखत आलेला असतो.

प्रश्न : घरच्या वॉटर प्युरिफायरचं पाणी वापरतो, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६० येतो. मासे ठीक आहेत, पण गोगलगायी आणि क्लीनर श्रिंप दोन-तीन आठवड्यांत मरतात. (सिंहगड रस्ता)

प्युरिफायरवर ‘कॉपर’ असं लिहिलंय का, आधी ते पाहा. हल्ली बरीच यंत्रं शुद्ध केलेल्या पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला त्याचा त्रास नाही, पण कोळंबी, गोगलगाय, पॉड्स, प्रवाळ यांना ते विष आहे, आणि माशांना कळणारही नाही इतक्या कमी मात्रेत. तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि सावकाश बाहेर येत राहतं, म्हणून नवा श्रिंप आणला की तोही जातो.

यंत्रात तांबं नसलं तरी ६० टीडीएस जास्तच आहे. घरगुती आरओ चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा शेवटी मिनरलचं कार्ट्रिज ठेवतात. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनमधून निघालेल्या नळीलाच, टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, टी जोडून घ्या. त्यापुढे उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. तिथून येणारं पाणी शून्य टीडीएस हवं. मीटर दोन दाखवायला लागला की रेझिन बदला. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर रेझिन फार लवकर संपतं, त्या महिन्यांचा खर्च आधीच धरून ठेवा. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरता येतं.

आत्ताच्या टँकसाठी आठवड्याला २५ टक्के याप्रमाणे चार वेळा पाणी बदला, ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं शोषणारं मीडिया सम्पमध्ये ठेवा, कॉपर टेस्ट सलग दोन आठवडे शून्य आली की एकच स्वस्तातली गोगलगाय सोडून पाहा.

प्रश्न : कॉपरबँड बटरफ्लाय दुकानात फार सुंदर दिसतो. ४५० लिटरचा टँक आहे, दीड वर्ष जुना. तो जगत नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (औंध)

निवड चुकली की जगत नाही. टँक तुमचा पुरेसा आहे, आता मासा निवडायला शिका.

दुकानात त्याला समोरून आणि थोडं वरून पाहा. डोळ्यांच्या वर, कपाळापासून पाठीकडे जाणारा भाग भरलेला हवा. तिथे खळगा पडला असेल तर तो मासा बरा होत नाही. चोचीचं टोक लाल किंवा सुजलेलं नको, प्रवासात पिशवीला धडका बसून ते फुटतं आणि मग खाताना दुखतं. आठ सेंटिमीटरहून लहान घेऊ नका. आल्या दिवशी तर मुळीच घेऊ नका. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर दुकानातच राहू द्या, आठव्या दिवशी जाऊन तुमच्यासमोर खातो का ते पाहा. खात नसेल तर पैसे परत मागा.

घरी पहिलं जेवण मासळी बाजारातलं. गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये तिसऱ्या मिळतात. टिचकी मारल्यावर घट्ट मिटणाऱ्या तेवढ्याच घ्या, धुऊन पिशवीत भरून फ्रीझरमध्ये किमान दोन दिवस ठेवा. द्यायच्या वेळी एक तिसरी उघडा, अर्धा शिंपला मांसासकट ठेवा, आरओच्या पाण्यात विसळा आणि रबर बँडने एका लहान दगडाला बांधून प्रवाह कमी असेल अशा कोपऱ्यात ठेवा. मग लांब बसून पाहा. कॉपरबँड आधी एका डोळ्याने बघतो, वळून दुसऱ्या डोळ्याने बघतो, मागे सरतो, पुन्हा येतो. मांसाची कड पाण्यात हलली की चोच शिंपल्याच्या खाचेत जाते. पहिल्या दिवशी चार टोचे मारले तरी पुष्कळ. दोन तासांनी शिंपला काढून घ्या, नाहीतर टँकमध्ये अमोनिया होतो.

आठवड्याने शिंपल्यातल्या मांसावर मायसिस दाबून बसवा. दोन आठवड्यांत तो मायसिस सुटी खायला लागतो. तिसऱ्यांवरच वाढवू नका. कच्च्या शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं आणि फ्रीझरमध्ये ठेवूनही नाहीसं होत नाही. काही महिने रोज तेच खाणारा मासा पोट भरलेलं असूनही झडत जातो. तिसऱ्या आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस मायसिस, त्यावर जीवनसत्त्वाचे थेंब. रोज तीन वेळा. आणि टँगसारखे दांडगे मासे त्याच्या आधी सोडू नका, कॉपरबँडला आधी बस्तान बसवू द्या.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला समुद्रघोडा पाळायचा आहे. त्यात बाबा पिल्लं सांभाळतो हे वाचल्यापासून तो हटून बसलाय. एका दुकानदाराने मागवून देतो म्हटलं. घ्यावा का? (सदाशिव पेठ)

नाही, ताई. भारतात समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले पाइपफिश २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घातले गेले. पकडणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळ आणि सी फॅनलाही संरक्षण आहे, मग ते कोकणच्या किनाऱ्यावरून उचललेलं वाळकं का असेना. म्हणून टँकसाठी कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगडच घ्या.

कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रघोडा लहान मुलाच्या टँकचा प्राणी नाही. त्याला जठरच नसतं, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून त्याला सतत खायला लागतं.

मुलाला बाबाचीच गंमत असेल तर यलोहेड जॉफिश दाखवा. याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, आणि दिवसभर वाळूत बीळ बांधत बसतो. तोंडाने एक-एक खडा आणून बिळाच्या तोंडाशी रचताना बघणं म्हणजे मुलांना पर्वणीच. त्याला वाळूचा थर १२ ते १५ सेंटिमीटरचा लागतो, आणि त्यात बारीक वाळू, जोंधळ्याएवढे खडे, बोराएवढे शिंपल्यांचे तुकडे असं मिश्रण लागतं. नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळतं. दगड आधी थेट काचेच्या तळावर ठेवा आणि मग वाळू भरा, नाहीतर तो खालून पोखरतो आणि दगड त्याच्यावर बसतो. वर सहा मिलिमीटरची जाळी चौकटीत ताणून बसवा, वायरीच्या फटीसुद्धा बुजवा. जॉफिश रात्री घाबरून उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. आणि आधी क्लाऊनच्या जोडीवर वर्षभर हात बसवा. क्लाऊनची हॅचरीत पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे, तेव्हा समुद्रातून धरलेला क्लाऊन घ्यायचं कारणच नाही.

प्रश्न : लेपर्ड रास आणली. दुसऱ्या दिवसापासून गायब. वाळू उकरून बघू का? (बाणेर)

उकरू नका. ती वाळूत झोपते. समुद्रातून निघून, दुसऱ्या देशातून, विमानाने आलेली असते, तिचं घड्याळ अजून तिकडचंच चालू असतं. तिथल्या उजेडाच्या वेळी वर येते, आणि तेव्हा तुमच्याकडे कदाचित मध्यरात्र असते. तीन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत असं चालतं. उकरलंत तर अंगाला जखमा होतील आणि थर खोल असेल तर तळातला हायड्रोजन सल्फाइड वायू वर येईल, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. रोज ठरल्या वेळी दिवे लावा-मालवा, दिवसा दोनदा थोडी आर्टेमिया सोडा, अमोनिया टेस्ट करत राहा. दोन आठवडे अमोनिया शून्य असेल तर ती बहुधा आहे.

वाळू पाच सेंटिमीटर तरी हवी, दाणा एक मिलिमीटरच्या आसपासचा, गोल. टोकदार चुऱ्यात ती अंग खरडून घेते. क्वारंटाईनमध्येही तिला वाळूने भरलेला एक काचेचा डबा द्यावाच लागतो.

प्रश्न : आमच्याकडे बऱ्याच गुरुवारी सहा-सहा तास वीज नसते. एप्रिल-मेमध्ये टँक ३१ अंशांवर जातो. २०० लिटर, त्यात अँथियास. चिलरशिवाय भागेल का? (हडपसर)

पुण्यात भागू शकतं, मुंबईत अवघड होतं, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. पंख्याने पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की २०० लिटरमधून साधारण तीन अंशांइतकी उष्णता निघून जाते. झाकण काढून जाळी ठेवा आणि संगणकाचे १२ सेंटिमीटरचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावा. एप्रिलच्या दुपारी टँक दोन-तीन अंशांनी खाली येतो. रोज तीन ते पाच लिटर पाणी उडेल, तेवढं आरओचं गोडं पाणी भरत राहा. खारं भरलंत तर क्षारता चढत जाईल, कारण उडतं ते फक्त पाणी. शक्य असेल तर ऑटो टॉप-अप बसवा, आणि गुरुवारी नळही बंद असेल तर बुधवारीच साठा करा. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो.

वीज गेल्यावर पहिली चणचण ऑक्सिजनची. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणजे आणखी सहाएक टक्के घट. अँथियास सतत पोहणारा मासा, त्याला हे आधी जाणवतं. १२ व्होल्टचा १५ वॉटचा डीसी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढवळणारा पंप) सहा तास चालायला ९० वॉट-अवर लागतात. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीला ते काहीच नाही, सम्पमधलं पाणी वर नेणारा रिटर्न पंपही सहज चालेल. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. हीटर आणि चिलर त्या लाइनवर टाकू नका. वेव्हमेकर पृष्ठभागाकडे तोंड करून लावा, पाण्यावर लाट उठली पाहिजे. शिवाय पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप कपाटात असू द्या.

तापमानासाठी बर्फाच्या बाटल्या ठेवता येतात, पण हिशेब माहीत हवा. एक लिटरची गोठवलेली बाटली २०० लिटर टँक अर्धाच अंश खाली आणते. तासाला एक बाटली, त्याहून वेगाने नको. बाटली बंदच ठेवा, बर्फ पाण्यात टाकू नका. त्या सकाळी मासे उपाशी ठेवा, वीज आल्यावर संध्याकाळी दोनदा द्या. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्याचा) असेल आणि तो दोन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर वीज आल्यावर थेट सुरू करू नका. आतले जिवाणू गुदमरून मेलेले असतात, ते कुजकं पाणी टँकमध्ये येतं. उघडून, टँकच्याच पाण्यात विसळून मग लावा.

अँथियास निवडताना बार्टलेट घ्या. पर्पल क्वीन नाजूक आहे आणि तिला दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागतं. तुम्ही नोकरीला जात असाल तर ती तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : नव्या माशांबरोबर पांढरे ठिपके आले. तापमान ३१ केलं, थोडं मीठ वाढवलं, मिथिलीन ब्लू टाकलं. ठिपके गेले आणि आठ दिवसांनी दुप्पट आले. (वानवडी)

हे गोड्या पाण्यातले उपाय. खाऱ्या पाण्यातला हा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन, त्याचं चक्र वेगळं. तीन ते सात दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून दगडाला-वाळूला चिकटतो, कवच करतो आणि आतून शेकडो पिल्लं तयार होतात. ठिपके गेले तेव्हा मासा बरा झाला नव्हता, परजीवी वाळूत उतरला होता. उलट उष्णतेने चक्र आणखी वेगाने फिरलं.

सगळे मासे बाहेर काढा. मुख्य टँक माशांविना ७६ दिवस रिकामा ठेवा. श्रिंप, गोगलगायी आत राहिल्या तरी चालतील. माशांसाठी ४०-५० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब घ्या, प्रत्येकाला वेगळा एअर स्टोन, वेगळा हीटर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी मासा एका टबातून दुसऱ्यात हलवा, ७२ तास उलटायच्या आत. गळून पडलेला परजीवी जुन्या टबात मागे राहतो. जुना टब ओतून, घासून, पूर्ण वाळवा. दोन्ही टबांत एकच जाळी किंवा ओला हात फिरवलात तर सगळं मुळापासून करावं लागतं. खाद्य कमी द्या, अमोनिया रोज पाहा. यात तांब्याचं औषध नाही म्हणून मँडरिनसारख्या तांबं न सोसणाऱ्या माशांनाही ही पद्धत चालते. ठिपके पिठासारखे बारीक असतील आणि मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहत असेल तर तो व्हेल्वेट नावाचा वेगळा परजीवी, तिथे टब बदलून भागत नाही. जाणकाराला त्याच दिवशी दाखवा, दोन-तीन दिवसांत टँक रिकामा होतो.

प्रश्न : दुकानदार पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडायला सांगतो. तसंच करायचं ना? (विमाननगर)

लांबून आलेल्या पिशवीला नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो आणि अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दोन तास मासा त्यात ठेवणं म्हणजे त्याचे कल्ले भाजणं. पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तरंगवा. दुकानदाराला क्षारता आधीच विचारून क्वारंटाईनचं पाणी तितकंच करून ठेवा. पिशवी उघडून क्षारता मोजा, फरक नगण्य असेल तर मासा मगाने उचलून लगेच सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. क्षारता मग पुढच्या चार-पाच दिवसांत हळूहळू ३५ वर (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) न्या.

प्रश्न : मूरिश आयडॉलसाठी किती मोठा टँक लागेल? (पिंपळे सौदागर)

आणू नका. तो समुद्रात मुख्यतः स्पंज खाऊन जगतो, टँकमध्ये बहुतेक मासे महिन्या-दोन महिन्यांत झडून मरतात. रिबन ईल आणि क्लीनर रासचंही तसंच. हेनिओकस आणा, दिसायला जवळपास तसाच आहे आणि खातो.

प्रश्न : दर महिन्याला अलिबागला जातो. समुद्राचं पाणी कॅनमधून आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का? (कर्वेनगर)

वाचेल थोडा, पण किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, त्यात होड्यांचं डिझेल असतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने क्षारता पार उतरलेली असते. कॅनमध्ये पुण्यापर्यंत येताना त्यातले सूक्ष्म जीव मरतात आणि अमोनिया होतो. २०० लिटरच्या टँकमध्ये दहा टक्के बदलायचं म्हणजे वीस लिटर पाणी, त्याला साधारण पाऊण किलो मीठ, वाचायचं ते एवढंच.

ते मीठ पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा चुना होऊन तळाशी बसतो. पंप लावून २४ तास फिरवा. पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, वजन खोटं येतं, म्हणून मीठ वजनाने घातलं तरी शेवटचा शब्द क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा. तो नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ वर तपासावा लागतो. स्वयंपाकघरातलं साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओचं पाणी ९६३.५ ग्रॅम, काट्यावर तोलून. या द्रावणाला तो ३५ दाखवायला हवा. दाखवत नसेल तर स्क्रू तिथे फिरवा, आणि हे महिन्यातून एकदा करा.